युवक संघटनांची संकेतस्थळे आणि अभ्यागतांची वैयक्तिक माहिती : एक विवेचन

बीजसंज्ञा : युवक संघटना, संकेतस्थळ, वैयक्तिक माहिती, संमती, विश्वस्त, अल्पवयीन स्वयंसेवक

प्रस्तावना

एकेकाळी युवक संघटनेची ओळख तिच्या कार्यालयावरून, शिबिरांवरून आणि वार्षिक अहवालावरून होत असे. आज ती प्रथम संकेतस्थळावरून होते. शिबिराची नोंदणी, वक्तृत्व स्पर्धेचा प्रवेश अर्ज, रक्तदात्यांची यादी, स्वयंसेवकांचे प्रमाणपत्र अशी कामे संकेतस्थळामार्फत पार पडतात. पूर्वी हीच माहिती वहीत लिहिली जाई आणि वही कपाटात राही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असे. संकेतस्थळावर दिलेली माहिती नेमकी कोठे राहते आणि तिची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र देणाऱ्याला माहीत नसते. अनेकदा घेणाऱ्यालाही नसते.

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या या परिसरात निवासी संकुले, वसतिगृहे आणि व्यावसायिक शिक्षण देणारी महाविद्यालये उभी राहिली आहेत. उद्यानातील ज्या कंपन्या युरोपीय ग्राहकांची माहिती हाताळतात त्यांना २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीची बंधने करारानेच स्वीकारावी लागतात. कोणती माहिती कोणी पाहिली, याचीही नोंद तेथे ठेवावी लागते. त्याच शिवारात शिकणारा विद्यार्थी सायंकाळी एखाद्या युवक संघटनेच्या शिबिराचा अर्ज भरतो, तेव्हा त्याच्याकडून नाव, जन्मतारीख, भ्रमणध्वनी क्रमांक, रक्तगट, सामाजिक प्रवर्ग, क्वचित आधार क्रमांकही मागितला जातो. आणि ही माहिती कशासाठी व किती काळ ठेवली जाणार, याचा एका ओळीचाही खुलासा अर्जावर नसतो. परदेशातील अनोळखी ग्राहकाला मिळणारी काळजी आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला मिळू नये, ही विसंगती प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. युवक संघटनेच्या संकेतस्थळावर माहिती कोणत्या मार्गांनी गोळा होते हे स्पष्ट करणे.
२. या संदर्भातील भारतीय कायद्याच्या वाटचालीचा आढावा घेणे.
३. पंधरा ते सतरा या वयोगटातील स्वयंसेवकांबाबत निर्माण होणारा पेच समजून घेणे.
४. महाविद्यालयीन पातळीवर अंमलात आणता येतील अशा उपाययोजना सुचविणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो कायदे, न्यायालयीन निर्णय व शासकीय धोरणे यांवर आधारित आहे.

माहिती गोळा होण्याचे मार्ग

संकेतस्थळाकडे येणारी माहिती तीन प्रवाहांनी येते. पहिला प्रवाह अभ्यागताने स्वतः दिलेल्या माहितीचा. अर्ज, देणगीची पावती, अभिप्राय या रूपाने ती येते. ती देणाऱ्याला दिसते, म्हणून गोपनीयतेची चर्चा बहुधा तिच्यापाशीच थांबते.

दुसरा प्रवाह यंत्राने आपोआप टिपलेल्या माहितीचा. कोणतेही पान उघडले की सर्व्हरच्या नोंदीत अभ्यागताचा आयपी पत्ता, वेळ, ब्राउझरचा प्रकार आणि मागितलेले पान यांची नोंद होते. संकेतस्थळ सुरक्षित ठेवण्यासाठी अशी नोंद आवश्यक असते. परंतु ती होते, हे अभ्यागताला सांगणेही तितकेच आवश्यक आहे. कुकी नावाची लहानशी नोंदही याच वर्गात मोडते. संकेतस्थळाच्या मूळ रचनेला स्मरणशक्ती नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला अभ्यागत तोच आहे, हे तिला कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकीची कल्पना प्रत्यक्षात आणली. अर्ज अर्धवट भरून पुढच्या पानावर गेल्यावरही आधीची माहिती टिकून राहते, ती अशा सोयीमुळे. म्हणून कुकी स्वभावतः वाईट नव्हे. ती कोणी ठेवली आणि कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

तिसरा प्रवाह सर्वांत कमी दिसणारा आहे. संघटना आपल्या पानावर शिबिराची चित्रफीत, स्थळाचा नकाशा, समाजमाध्यमाचे बटण किंवा अभ्यागतांची मोजणी करणारे साधन जोडते. ही साधने बहुधा फुकट मिळतात. त्यांच्यामुळे पान उघडताच अभ्यागताची काही माहिती त्या साधनाच्या मालक कंपनीकडेही जाते. संघटनेने स्वतः काहीच मागितलेले नसते, तरी तिच्या दारातून तिसऱ्याच पक्षाने प्रवेश केलेला असतो. ‘आम्ही कोणाचीही माहिती कोणालाही देत नाही’ असे वाक्य संकेतस्थळावर लिहिणाऱ्या संघटनेने या तिसऱ्या प्रवाहाची तपासणी केली नसेल, तर ते वाक्य सद्हेतूने लिहिलेले असूनही असत्य ठरते.

यापुढील टप्पा संकेतस्थळाबाहेरचा आहे आणि माहिती फुटण्याची शक्यता तेथे मोठी असते. अर्जातील उत्तरे एका तक्त्यात जमा होतात. तो तक्ता दुवा असलेल्या कोणालाही उघडता येईल असा ठेवला जातो, विद्यार्थी समन्वयकाच्या लॅपटॉपवर उतरवला जातो, नियोजनासाठी व्हॉट्सॲपच्या गटात पाठवला जातो. वर्षाअखेर समन्वयक पदवी घेऊन निघून जातो. तक्ता त्याच्याकडेच राहतो. युवक संघटनेत कार्यकर्ते दरवर्षी बदलतात, हे तिचे चैतन्य आहे. माहितीच्या दृष्टीने मात्र तोच तिचा कच्चा दुवा ठरतो.

कायद्याची वाटचाल

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली झाला. त्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३ अ समाविष्ट करण्यात आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती हाताळताना वाजवी सुरक्षिततेची काळजी न घेतल्यामुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद त्यात करण्यात आली. ११ एप्रिल २०११ च्या नियमांनी संकेतस्थळावर गोपनीयता धोरण प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. तथापि या तरतुदींचा रोख व्यापारी किंवा व्यावसायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या कंपन्या, भागीदारी संस्था व तत्सम मंडळींवर होता. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेली आणि सेवाकार्य करणारी युवक संघटना या व्याख्येत बसते असे सहज म्हणता येत नव्हते. अनेक संघटनांच्या संकेतस्थळांवर गोपनीयता धोरण नसणे किंवा परदेशी संकेतस्थळावरून उचललेला इंग्रजी मजकूर असणे, यामागे हेही एक कारण असावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. स्वतःविषयीच्या माहितीवर व्यक्तीचे नियंत्रण असणे हा त्या अधिकाराचा भाग मानला गेला. त्याच सुमारास न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि जुलै २०१८ मध्ये तिने अहवाल सादर केला. माहिती गोळा करणाऱ्यास या समितीने ‘विश्वस्त’ या अर्थाची संज्ञा योजली. दीर्घ चर्चेनंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमास ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हा ही संज्ञा त्यात कायम राहिली. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अधिसूचनेनुसार प्रमुख कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत.

युवक संघटनांच्या दृष्टीने या अधिनियमातील चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, त्यातील ‘व्यक्ती’ या संज्ञेत नोंदणीकृत असो वा नसो, कोणताही व्यक्तिसमूह येतो. नफ्याचा हेतू असलाच पाहिजे अशी अट नाही. दुसरी, कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली की तीही अधिनियमाच्या कक्षेत येते. म्हणजे छापील अर्ज वाटून पुढे तक्ता तयार करणारी संघटनाही त्यातून सुटत नाही. तिसरी, संमती मागण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला असला पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. चौथी, दिलेली संमती परत घेता आली पाहिजे आणि ती परत घेणे संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. सुरक्षिततेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर बालकांविषयीच्या कर्तव्यांत कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कमाल मर्यादा आहेत. दंड ठरविताना चुकीचे स्वरूप व गांभीर्य विचारात घ्यावयाचे आहे. म्हणून लहान संघटनेने भयभीत होण्याचे कारण नाही, परंतु निश्चिंत राहण्यासही आधार उरलेला नाही.

‘युवक’ आणि ‘बालक’ : वयाचा पेच

युवक संघटनांपुढील खरी अडचण वयाच्या व्याख्येत आहे. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १३ ते ३५ वर्षे वयाच्या व्यक्तीला युवक मानले होते. २०१४ च्या धोरणाने ही मर्यादा १५ ते २९ अशी केली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘मेरा युवा भारत’ या स्वायत्त संस्थेचा मुख्य वयोगटही हाच आहे आणि तिचे काम मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळावरील नोंदणीवर उभे आहे. दुसरीकडे २०२३ चा अधिनियम अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो. परिणामी पंधरा ते सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एका धोरणानुसार युवक आणि दुसऱ्या कायद्यानुसार बालक ठरते. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालये अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेली असल्याने हा पेच आपल्या दैनंदिन कामकाजातलाच आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पदवीचे विद्यार्थी एकाच शिबिराचा एकच अर्ज भरतात.

अन्य देशांनी ही रेषा वेगवेगळ्या ठिकाणी आखली आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात ती तेरा वर्षांवर आहे. युरोपीय नियमावलीत सोळा वर्षे असून सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. भारताने कराराची पात्रता आणि मतदानाचा अधिकार यांच्याशी सुसंगत अशी अठरा वर्षांची मर्यादा स्वीकारली. एखाद्या संस्थेची पद्धत खात्रीने सुरक्षित असल्यास तिच्यापुरती ही मर्यादा कमी करण्याचा अधिकार केंद्र शासनाने राखून ठेवला आहे.

अधिनियमानुसार बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक आहे. शिवाय बालकांच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखविणे निषिद्ध आहे. यातील दुसरी अट आधी वर्णिलेल्या तिसऱ्या प्रवाहाला थेट भिडते. समाजमाध्यमाचे माग काढणारे साधन पानावर असेल, तर ते सतरा वर्षांच्या अभ्यागताला वगळत नाही. नियमांनी शैक्षणिक संस्थांना काही सवलत दिली आहे. पण ती शैक्षणिक उपक्रम व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांपुरती मर्यादित आहे. महाविद्यालयाबाहेरील स्वतंत्र युवक संघटनेला तिचा आधार घेता येणार नाही.

पहिली अट कागदावर सोपी आणि व्यवहारात कठीण आहे. मारुंजीसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईवडील मराठवाड्यात, विदर्भात किंवा खानदेशात असतात. संमतीसाठी पालकांच्या क्रमांकावर संकेतांक पाठवावा, तर काही घरांत असलेला एकुलता स्मार्टफोन मुलाच्याच हाती असतो. संकेतांक त्याच्याकडेच येतो आणि पालकांची संमती मुलगाच देऊन मोकळा होतो. अशा वेळी महाविद्यालयाकडे प्रवेशावेळी नोंदविलेल्या पालकांशी प्रत्यक्ष संपर्क साधणे हाच अधिक विश्वासार्ह मार्ग आहे. संस्थेकडे आधीपासून असलेल्या विश्वसनीय ओळख व वयाच्या तपशिलाचा आधार घेण्यास नियमांतही वाव आहे.

येथे एक मूल्यात्मक प्रश्नही उभा राहतो. तरुणाने स्वतः विचार करावा, घराच्या चौकटीपलीकडे पाहावे, हाच युवक संघटनेचा हेतू असतो. प्रत्येक पायरीवर पालकांची स्वाक्षरी अनिवार्य केली, तर ज्या मुलीला घरातून सहज परवानगी मिळत नाही, तीच प्रथम वगळली जाईल. यावर तोडगा संमती टाळण्यात नसून माहिती कमी मागण्यात आहे. व्याख्यानाला येणाऱ्या अल्पवयीन श्रोत्याचे नाव-पत्ता लागतच नसेल, तर तो विचारू नये. निवासी शिबिराला मात्र पालकांची परवानगी एरवीही घ्यावीच लागते. माहितीविषयक संमती त्याच वेळी घेता येईल.

देणगीचा हिशेब आणि माहितीचा हिशेब

महाराष्ट्रातील सेवाभावी संस्थांना ‘विश्वस्त’ हा शब्द नवा नाही. १९५० च्या अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाचे विश्वस्त देणगीचा हिशेब ठेवतात, तो तपासून घेतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर करतात. वाचनालयासाठी मिळालेली देणगी सहलीसाठी खर्च करणे अयोग्य आहे, हे कोणत्याही विश्वस्ताला समजावून सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, अभ्यागताची माहिती हीदेखील विशिष्ट हेतूसाठी दिलेली ठेव आहे आणि तिलाही हाच न्याय लागू केला पाहिजे. रक्तदानासाठी दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक देणगीच्या आवाहनासाठी वापरणे किंवा स्थानिक उमेदवाराच्या प्रचारासाठी देणे, हा निधी अन्यत्र वळविण्यासारखाच प्रकार आहे.

रक्तदात्यांच्या यादीचे उदाहरण बोलके आहे. अनेक संघटना सद्हेतूने नाव, रक्तगट आणि क्रमांक यांची यादी संकेतस्थळावर खुली ठेवतात. अडलेल्या रुग्णाला ती उपयोगी पडते, यात शंका नाही. पण तीच यादी शोधयंत्रांना सापडते, जाहिरातदार उतरवून घेतात आणि त्यातील मुलींना अनोळखी व्यक्तींचे दूरध्वनी येऊ शकतात. एखाद्या मुलीला असा त्रास झाला, तर घरची मंडळी यादीला दोष देत नाहीत. मुलीचे शिबिराला जाणे बंद होते. माहिती स्वतः व्यक्तीने सार्वजनिक केली असेल तर अधिनियम तिला लागू होत नाही. मात्र संघटनेने तिच्या वतीने ती जाहीर केली असेल तर ही सूट मिळत नाही. यावरील उपाय साधा आहे : संकेतस्थळावर केवळ संघटनेचा एक संपर्क क्रमांक द्यावा, यादी जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी आणि गरज पडल्यास तिने दात्याला विचारून संपर्क जुळवून द्यावा.

आधार क्रमांकाबाबतही हेच म्हणता येईल. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम ५७ मधील खासगी संस्थांना कराराच्या आधारे त्याचा वापर करू देणारा भाग रद्द ठरविला. वक्तृत्व स्पर्धेतील स्पर्धकाची ओळख महाविद्यालयाच्या ओळखपत्रावरून पटत असताना आधारपत्राचे छायाचित्र मागण्याचे प्रयोजन उरत नाही. जी माहिती घेतलीच नाही, ती फुटत नाही.

उपाययोजना

राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, विद्यार्थी विकास अधिकारी आणि युवक संघटनांचे मार्गदर्शक या नात्याने काम करणाऱ्या प्राध्यापकांना पुढील गोष्टी मोठ्या खर्चाविना करता येतील :

१. अर्जातील प्रत्येक रकान्यासमोर तिचे कारण लिहावे. कारण सांगता येत नसेल तो रकाना काढून टाकावा.
२. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अर्ज ठेवावा व पालकांची संमती प्रवेशाच्या नोंदीवरून पडताळावी.
३. माहितीचा तक्ता संस्थेच्या खात्यात ठेवावा, विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. समन्वयक बदलताना पदभाराबरोबर प्रवेशाधिकारही बदलावेत.
४. संकेतस्थळावर जोडलेल्या बाहेरच्या साधनांची यादी करून अनावश्यक साधने काढावीत.
५. हेतू संपल्यावर माहिती नष्ट करण्याची मुदत आधीच ठरवावी. प्रमाणपत्रासाठी लागणारी नोंद आणि शिबिरापुरती घेतलेली आरोग्यविषयक माहिती यांची मुदत सारखी असू शकत नाही. सर्व्हरच्या नोंदी ठेवण्याबाबत नियमांनी सांगितलेली एक वर्षाची मुदत वेगळी पाळावी.
६. माहिती फुटल्यास काय करावयाचे ते लिहून ठेवावे. नियमांनुसार संबंधित व्यक्तींना विनाविलंब कळवावे लागते आणि माहिती संरक्षण मंडळास ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागतो.
७. शंका व तक्रारींसाठी एका व्यक्तीचे पद व संपर्क संकेतस्थळावर द्यावा.

गोपनीयतेची सूचना लांबलचक असण्याची गरज नाही. शिबिराच्या अर्जावर पुढील मजकूर नमुन्यादाखल देता येईल : ‘आपले नाव, वय, संपर्क क्रमांक आणि आरोग्यविषयक माहिती आम्ही केवळ या शिबिराच्या व्यवस्थेसाठी घेत आहोत. ही माहिती शिबिरप्रमुख आणि वैद्यकीय साहाय्यक यांच्याखेरीज कोणालाही दाखविली जाणार नाही. शिबिर संपल्यानंतर तीस दिवसांत आरोग्यविषयक माहिती नष्ट करण्यात येईल. आपली संमती आपण केव्हाही परत घेऊ शकता. त्यासाठी व आपली माहिती पाहण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी खालील दुव्यावर किंवा क्रमांकावर कळवावे. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येईल.’ हा मजकूर समजण्यास कायद्याचे ज्ञान लागत नाही. तो पाळण्यास मात्र शिस्त लागते. जे पाळता येणार नाही, ते लिहू नये.

निष्कर्ष

युवक संघटनेच्या संकेतस्थळावर माहिती उघड अर्जाने, यंत्राच्या नोंदीने आणि बाहेरच्या साधनांमार्फत अशा तीन मार्गांनी गोळा होते. त्यांपैकी पहिल्याचीच जाणीव सर्वसाधारणपणे असते. २०२३ च्या अधिनियमाने सेवाभावी आणि अनोंदणीकृत समूहांनाही विश्वस्ताच्या कर्तव्यात आणले आहे. पंधरा ते सतरा वयोगटात युवक व बालक या दोन्ही व्याख्या एकत्र येत असल्याने तेथे विशेष दक्षता आवश्यक आहे आणि तिचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे कमीत कमी माहिती मागणे हाच होय.

विद्यार्थी महाविद्यालयाच्या किंवा संघटनेच्या अर्जावर माहिती भरतो, तेव्हा गोपनीयता धोरण वाचून नव्हे, तर सरांनी किंवा बाईंनी दुवा पाठविला म्हणून भरतो. म्हणून पुढील शैक्षणिक वर्षाचा पहिला अर्ज प्रसृत करण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्याने मागील वर्षाचा तक्ता उघडून तो आज कोणाकोणाकडे आहे याची यादी करावी. माहितीच्या हिशेबाचा प्रारंभ तेथून करता येईल.